राजीनामा लिहून घेतला, केसही हरलो. आता वर जाता येतं का?

निकाल ऐकून माणूस कोर्टाच्या जिन्यापर्यंत येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "अपील किती दिवसांत टाकायचं?"

मी ठाण्यात एका कामगार वकिलांकडे वीसेक वर्षं क्लार्की केली. फायली शिवायच्या, पानांवर नंबर घालायचे, नकलांचे अर्ज द्यायचे, डायरीत तारखा लिहायच्या. मी वकील नाही. पण हा प्रश्न इतक्यांदा कानावर पडलाय की उत्तर झोपेतही देईन: कामगार न्यायालयाच्या निवाड्यावर अपील नाही. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याचं (नोव्हेंबर २०२५पासून तो नव्या संहितेत गेलाय, त्याबद्दल पुढे सांगतो) कलम १७ म्हणतं की प्रसिद्ध झालेला निवाडा अंतिम, त्याला कुठल्याही न्यायालयात कुठल्याही प्रकारे आव्हान देता येणार नाही. हे ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो. मग पुढचं सांगावं लागतं. असे निवाडे मुंबई उच्च न्यायालयात जातात, काही तिथे उलटतातही, कारण उच्च न्यायालयाला तो अधिकार देणारी राज्यघटनेची कलमं २२६ आणि २२७ या कायद्याच्या वर आहेत. त्या दाराने जायचं तर रिट याचिका करावी लागते. दार आहे, पण अपिलाच्या दारापेक्षा बरंच अरुंद. आत काय घेऊन जाता येतं आणि काय बाहेरच ठेवावं लागतं, हे न कळल्यामुळे चांगल्या केसेससुद्धा वर जाऊन पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

पॅसेजमधली खुर्ची

रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत एक स्टोअरकीपर होते. सतरा वर्षांची नोकरी. ऑफिसात आम्ही त्यांना स्टोअरवाले काका म्हणायचो, इथेही तसंच म्हणतो. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. नवीन मॅनेजमेंट आलं. काकांच्या हातातलं स्टॉक रजिस्टर काढून घेतलं, कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला आणि स्टोअरच्या बाहेर पॅसेजमध्ये त्यांना एक खुर्ची दिली. काम काही नाही. दोन महिने ते रोज ठाण्याहून वाशी लोकल पकडून रबाळ्याला उतरायचे, पंचिंग करायचे आणि साडेपाचपर्यंत त्या खुर्चीत बसायचे. येणारेजाणारे आधी चौकशी करायचे, नंतर नजर चुकवायला लागले. मग गुजरातमधल्या डेपोत बदलीची ऑर्डर निघाली. आणि एका शनिवारी संध्याकाळी एचआरच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. मोबाइल टेबलावर ठेवायला सांगितला. राजीनामा टाइप होऊन तयारच होता, "वैयक्तिक कारणास्तव". सही केलीत तर हिशेब आणि रिलीव्हिंग लेटर हातात, नाही केलीत तर माल गहाळ झाल्याची पोलीस तक्रार. काकांनी सव्वाआठला सही केली.

कागद म्हणतो राजीनामा. पण नोकरी घालवली मालकानेच. इंग्लंडच्या कायद्यात याला 'कन्स्ट्रक्टिव्ह डिसमिसल' म्हणतात. मराठीत मी 'राजीनाम्याच्या वेषातली बडतर्फी' म्हणतो. तिथल्या १९९६च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टच्या कलम ९५मध्ये ती सरळ लिहिलेली आहे: मालकाच्या वागण्यामुळे नोकरी सोडण्याचा हक्क कामगाराला मिळाला आणि त्याने सोडली, तर ती बडतर्फीच धरायची. मालकाचं वागणं किती वाईट असायला हवं, हे १९७८च्या शार्पच्या खटल्यात ठरलं. या शार्पने पत्त्यांच्या सामन्यासाठी कामाला दांडी मारली होती. त्याबद्दल पाच दिवस बिनपगारी निलंबन झालं, हातात पैसा उरला नाही, साठलेल्या रजेचे पैसे कंपनी आगाऊ देईना, तेव्हा ते मिळावेत म्हणून याने राजीनामाच दिला. न्यायाधिकरणात जिंकला, पण वर कोर्ट ऑफ अपीलमध्ये हरला. मालकाचं वागणं नुसतं कडक असून भागत नाही, त्याने नोकरीच्या कराराचा कणाच मोडलेला असला पाहिजे, असं तिथे ठरलं. आजही तिथे हरलेल्या माणसाला अपील न्यायाधिकरणात जायला ४२ दिवस मिळतात, आणि तेही फक्त कायद्याच्या मुद्द्यावर.

आपल्या १९४७च्या कायद्यात हा शब्दच नाही. त्यामुळे आपल्याकडे तोच मुद्दा वळसा घेऊन येतो. राजीनामा मनापासून दिलेला नव्हता, म्हणून तो राजीनामाच नव्हे. राजीनामा नव्हे, म्हणजे मालकाने कमी केलं. आणि चौकशी, नोटीस, भरपाई यातलं काहीच न करता कमी केलं, म्हणून ते बेकायदा. तीन पायऱ्या आहेत. पहिलीवर पाय घसरला की कोर्ट पुढच्या दोन पायऱ्यांकडे बघतच नाही. आणि पहिली पायरी चढायची जबाबदारी कामगारावर असते, कारण जो म्हणतो जबरदस्ती झाली, त्यानेच ती सिद्ध करायची. बंद केबिनमध्ये तिघं कंपनीचे आणि एकटे आपण. साक्षीदार आणायचा कुठून?

म्हणून कोर्टं आजूबाजूची परिस्थिती बघतात. अलाहाबादच्या एका रुग्णालयातल्या डॉ. प्रभा अत्री यांचा निकाल (आपल्या गायिका अत्रे वेगळ्या) वकील मंडळी नेहमी काढतात. त्यांनी निलंबनाच्या पत्राला रागाने उत्तर देताना, अशा स्थितीत राजीनामा देण्यावाचून गत्यंतर नाही, असं लिहिलं. रुग्णालयाने तेवढंच उचलून राजीनामा मंजूर केला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अख्खं पत्र वाचा. यात नोकरी सोडायचा इरादा दिसत नाही. १० फेब्रुवारी २०२२चा निकाल तर यापुढे गेला. मध्य प्रदेशातल्या एका महिला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांची २०१४मध्ये ग्वाल्हेरहून सिधीला अवेळी बदली झाली. मुलगी बारावीत होती, विनंती अर्ज फेटाळले गेले, त्यांनी राजीनामा दिला. आठ वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने तो राजीनामा स्वेच्छेचा नव्हता असं ठरवून त्यांना कामावर परत घ्यायला लावलं. नोकरी सलग धरली, मागचा पगार मात्र नाही. न्यायदान करून पोट भरणाऱ्यांचीच ही गत, तर पॅसेजमधल्या खुर्चीचं काय!

कुठल्या रस्त्याने हरलात?

वर जायचं ते कुठून, हे खाली कुठल्या कायद्याने लढलात यावर ठरतं. आपल्या निकालाचं पहिलं पान बघा.

त्यावर "संदर्भ (आयडीए)" असं काही लिहिलं असेल तर तुम्ही १९४७च्या कायद्याने गेलात. आधी कामगार आयुक्त कार्यालयात समेट, तो फिसकटला की न्यायालय. किंवा २०१०च्या दुरुस्तीनंतर आलेल्या सोयीने, समेटाचा अर्ज देऊन ४५ दिवस झाल्यावर थेट न्यायालय. इथून वर सरळ उच्च न्यायालय.

"तक्रार (यूएलपी)" असं असेल तर तुम्ही महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्याने गेलात, ज्याला सगळे 'एमआरटीयू-पल्प' म्हणतात. अनुचित कामगार प्रथा रोखणारा हा कायदा. सूडबुद्धीने कमी करणं, खोट्या कारणाने कमी करणं, धोरणाच्या नावाखाली आकसाने बदली करणं हे सगळं त्याच्या चौथ्या परिशिष्टात आहे. तक्रारीची मुदत फक्त ९० दिवस, आणि माझ्या अनुभवात निम्मे लोक तिथेच हुकतात. या रस्त्याने कामगार न्यायालयात हरलात तर मध्ये एक पायरी जास्त आहे: कलम ४४खाली औद्योगिक न्यायालयात पुनरीक्षण, ज्याला कोर्टात रिव्हिजन म्हणतात. तेही ठाण्यातच होतं. ही पायरी टाळून थेट उच्च न्यायालयात गेलात तर बहुतेक वेळा "आधी तिकडे जा" ऐकायला मिळतं.

तिसरा एक प्रकार आहे, त्यात कुठेच वर जायची घाई करू नये. तारखेला हजर नव्हतात म्हणून केस एकतर्फी निकालात निघाली असेल तर आधी त्याच न्यायालयात अर्ज द्या, गैरहजेरीचं खरं कारण कागदानिशी सांगा, आणि निवाडा प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवस जायच्या आत द्या. वकिलाचा आजार, आपला अपघात, नोटीस जुन्या पत्त्यावर जाणं, अशा कारणांनी फाइल पुन्हा उघडलेली मी पाहिली आहे. हेच काम उच्च न्यायालयातून करायला गेलात तर वेळ आणि पैसा कितीतरी पट.

वरचं कोर्ट तुमची गोष्ट ऐकत नाही

आता मुख्य मुद्दा. हरलेल्या माणसाला वाटतं, खालच्या साहेबांना पटलं नाही, वरच्या साहेबांना पटवून देऊ. केबिनमध्ये काय झालं ते पुन्हा पहिल्यापासून सांगू. अपिलात हे काही प्रमाणात चालतं, रिटमध्ये चालत नाही. रिटमध्ये न्यायमूर्ती तुमच्या मालकाचा निवाडा करत नसतात. खालच्या न्यायालयाने काम नीट केलं का, एवढंच बघतात. दोन निष्कर्ष निघू शकत असतील आणि खालच्या न्यायालयाने त्यातला तुम्हाला नको असलेला काढला असेल, तर उच्च न्यायालय त्याला हात लावत नाही. "आम्ही असतो तर वेगळं ठरवलं असतं" असं मनात आलं तरी लावत नाही.

मग हात कधी लावतं? सय्यद याकूब नावाचा १९६३चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, तो अजून चालतो. त्याचा मथितार्थ असा: निष्कर्षाला काहीच पुरावा नसेल, घेण्याजोगा महत्त्वाचा पुरावा चुकीने नाकारला असेल, न घेण्याजोगा पुरावा आत घेऊन त्यावर निकाल बेतला असेल, किंवा कायदाच उघडउघड चुकीचा लावला असेल, तर हस्तक्षेप करता येतो. यात आणखी एक शब्द कोर्टात सतत ऐकू येतो, 'पर्व्हर्स'. शिवी नव्हे ही. समोरचा पुरावा वाचून कुठलाही समजूतदार माणूस ज्या निष्कर्षावर येऊच शकत नाही, तो विपर्यस्त निष्कर्ष.

काकांच्या निवाड्यात असा एक निष्कर्ष होता, आणि तो आधी कुणाच्याच लक्षात आला नव्हता.

झालं होतं असं. सही शनिवारी झाली. रविवारी काका कुणाशी बोलले नाहीत. सोमवारी सकाळी मुलीने वहीच्या रेघी कागदावर पत्र लिहिलं: "शनिवारी रात्री माझ्याकडून धमकी देऊन राजीनाम्यावर सही घेतली आहे. मला राजीनामा द्यायचा नव्हता. मला कामावर घ्यावे." खाली काकांची सही. ठाण्याच्या पोस्टातून रजिस्टर्ड एडी केलं. (२०२५मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, आता तसं पत्र पाठवताना पोचीचा पुरावा मागून घ्या.) चार दिवसांनी पोचपावती परत आली, कंपनीचा गोल शिक्का आणि तारखेसकट. कोर्टात पत्राला निशाणी यू-१४ मिळाली, पोचपावतीला यू-१५. कामगार न्यायालयात कामगाराच्या कागदांना 'यू' आणि कंपनीच्या कागदांना 'सी' लावून नंबर देतात. उलटतपासणीत एचआरवाल्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पत्र आलं असेल, आता आठवत नाही."

आणि निवाड्याच्या सतराव्या परिच्छेदात काय होतं? "दुसऱ्या पक्षाने राजीनाम्यानंतर तातडीने कोणतीही हरकत घेतल्याचे दिसून येत नाही. सबब जबरदस्तीचे म्हणणे पश्चातबुद्धीचे आहे." दुसरा पक्ष म्हणजे कामगार, पहिला पक्ष कंपनी. अख्ख्या निवाड्यात यू-१४चा उल्लेखच नाही. टीका केली असती, "पत्र विश्वासार्ह नाही" म्हटलं असतं, तर ते न्यायालयाचं मत झालं असतं आणि वर टिकलं असतं. पण पत्र नसल्यासारखंच धरलं गेलं. यालाच म्हणतात रेकॉर्डच्या विरुद्ध निष्कर्ष.

आमच्या साहेबांनी पहिला कच्चा मसुदा एका ज्युनियरकडे दिला होता. त्याने लिहिलं, "माननीय न्यायालयाने याचिकाकर्त्यावर झालेला घोर अन्याय विचारात घेतला नाही." साहेबांनी काट मारली. घोर अन्याय झालाय असं प्रत्येक याचिकेत लिहिलेलं असतं. त्या जागी आलं ते असं: परिच्छेद १७मधला निष्कर्ष निशाणी यू-१४ व यू-१५ आणि पहिल्या पक्षाच्या साक्षीदाराच्या उलटतपासणीतल्या अमुक पानावरच्या उत्तराशी विसंगत असून, या तिन्हींचा निवाड्यात विचारच झालेला नाही. रुक्ष वाक्य. पण न्यायमूर्तींना ते वाचून थेट तीन पानं उघडता येतात.

म्हणून निकाल हातात आला की तो मालकावरचा राग बाजूला ठेवून पेन्सिल घेऊन वाचावा. तथ्यांचं वर्णन, दोघांचं म्हणणं, हे पहिले दहा-बारा परिच्छेद भरभर वाचले तरी चालतं. न्यायालयाने काढलेले मुद्दे आणि त्यापुढची कारणमीमांसा मात्र सावकाश. प्रत्येक "दिसून येत नाही" आणि "सिद्ध केले नाही"पुढे प्रश्नचिन्ह करायचं, आणि आपल्या फायलीत त्याबद्दलचा कागद आहे का ते शोधायचं. असेल तर निशाणी नंबर समासात लिहायचा. हे काम वकिलापेक्षा तुम्हीच चांगलं कराल. तुमचे कागद तुम्हाला पाठ असतात.

पण कागद फायलीत असायला हवा, घरातल्या कपाटात असून उपयोग नाही. खाली जो पुरावा दिलाच नाही तो वर सहसा घेत नाहीत. एका ताईंकडे मॅनेजरचे व्हॉट्सॲप मेसेज होते, "उद्यापर्यंत रिझाइन कर नाहीतर बघतो" अशा अर्थाचे. खाली त्यांनी नुसत्या झेरॉक्स लावल्या. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. ते प्रमाणपत्र बंधनकारक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये आपल्याच जालन्यातल्या अर्जुन खोतकरांच्या निवडणूक खटल्यात पक्कं केलं. ताईंच्या झेरॉक्स वाचल्याच गेल्या नाहीत, आणि ते चुकीचं झालं असं वर जाऊन म्हणायला जागाही उरली नाही.

दुसरी दुरुस्त न होणारी चूक म्हणजे मूळ अर्जातला मोघमपणा. "वरिष्ठांनी दबाव आणला." कोणी? कधी? काय म्हणाले? दबाव, धमकी, फसवणूक यांचा तपशील पहिल्या अर्जातच लागतो. नंतर साक्षीत नाव घेतलं की समोरचे वकील म्हणतात, हे आता सुचलं. काकांच्याही अर्जात नाव नव्हतं, हे मान्य करायला हवं. आणि हिशेबाचे पैसे बँकेत जमा झाले तेव्हा "हक्क राखून स्वीकारले" असं एका ओळीचं पत्र त्यांनी दिलं नाही. निवाड्यात हे दोन्ही त्यांच्या विरुद्ध गेलं आणि ते मुद्दे वर मांडूनही काही हललं नाही. यू-१४ नसतं तर त्यांनी वर जाऊच नये, असं मीच म्हटलं असतं.

वेळ आणि खिसा

रिटला कायद्याने ठरवलेली मुदत नाही. याचा अर्थ लोक "कधीही टाका" असा घेतात, आणि फसतात. उशिराचं पटण्याजोगं कारण नसेल तर तेवढ्यावरूनच याचिका परत पाठवता येते. वकील मंडळी तीन महिन्यांच्या आत दाखल करायचा प्रयत्न करतात. निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीचा अर्ज द्या; प्रत केव्हा मागितली आणि केव्हा मिळाली हे तिच्यावरच लिहिलेलं असतं आणि पुढे उशिराचा हिशेब त्यावरून होतो. त्याबरोबर रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद), दोन्हीकडच्या साक्षी आणि सगळ्या निशाण्यांच्या नकलाही मागा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं, त्यात आठवडे जातात.

याचिकेवर २२६ लिहायचं की २२७, याकडे अशील लक्ष देत नाही, पण विचारून ठेवा. न्यायमूर्तींनी निव्वळ २२७ची देखरेखीची सत्ता वापरून निकाल दिला तर उच्च न्यायालयाच्या आत पुढे अपील नाही. मूळात २२६ची बाब असेल तर दोन न्यायमूर्तींपुढे लेटर्स पेटंट अपिलाला वाव राहतो. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय, कलम १३६ची विशेष परवानगी, मुदत ९० दिवस. तिथवर फार थोडे पोचतात.

एक गैरसमज कॅन्टीनमध्ये पसरलेला असतो: केस हायकोर्टात गेली की पगार सुरू होतो. तो कलम १७ब, आणि तो जिंकलेल्या कामगारासाठी आहे. कामावर घ्या असा निवाडा झाला आणि कंपनी त्याविरुद्ध वर गेली, तर याचिका चालू असेपर्यंत शेवटचा पगार मिळतो; मात्र या काळात दुसरीकडे कामाला नाही, असं शपथपत्र द्यावं लागतं. हरून वर जाणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. तो खर्च स्वतःचाच.

खर्चाबद्दल मात्र एक गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२मध्ये मोफत वकील मिळणाऱ्यांच्या यादीत औद्योगिक कामगार स्वतंत्रपणे आहे. स्त्रिया आहेत, अनुसूचित जाती-जमाती आहेत. या गटांना उत्पन्नाची अट नाही. ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, उच्च न्यायालयात त्यांची समिती आहे. फुकटचा वकील म्हणजे कामचलाऊ, असं लोक नाक मुरडतात. मी तिथले दोन-तीन वकील असे पाहिलेत की पैसे मोजूनही तसे मिळाले नसते.

"तुम्ही कामगारच नाही" म्हणून हरलात तर

ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांतल्यांचं दुखणं हे. टीम लीडकडून राजीनामा घेतात, तो कामगार न्यायालयात येतो, आणि जबरदस्ती झाली की नाही याकडे न वळताच निकाल लागतो: हा व्यवस्थापकीय माणूस, कायद्यातला 'कामगार' नव्हे. अशा निकालावर वर जाताना भांडण राजीनाम्याचं राहत नाही, कामाच्या स्वरूपाचं होतं. व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय याला महत्त्व नाही. दिवसभर मुख्यत्वे काय करत होतात ते बघायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. रजा मंजूर करत होतात का, कुणाला काढायचा अधिकार होता का, की नुसतंच नाव 'मॅनेजर' आणि काम कोड लिहिण्याचं? खालच्या न्यायालयाने फक्त पदनाम बघून निकाल दिला असेल तर तो कायद्याची कसोटी चुकल्याचा मुद्दा होतो, आणि हा मुद्दा वर चालतो.

खरोखरच व्यवस्थापक असाल तर दिवाणी न्यायालय. तिथे गंमत अशी की रीतसर अपील आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६खाली पुरावासुद्धा नव्याने तपासला जातो. पण खासगी कंपनीला तुम्हाला परत कामावर घ्यायला ते न्यायालय सहसा लावत नाही. मिळते ती नुकसानभरपाई, तीही बऱ्याचदा नोटीस काळाच्या पगाराच्या आसपास. दाव्याची मुदत तीन वर्षं. कामगार न्यायालयात प्रामाणिकपणे घालवलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४खाली वगळून मागता येतो.

नव्या कायद्याबद्दल थोडक्यात. २१ नोव्हेंबर २०२५पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९४७चा कायदा तिच्यात विलीन झाला. पर्यवेक्षकाला 'कामगार' धरायची महिन्याची पगारमर्यादा १०,००० होती ती १८,००० झाली. नव्या रचनेत न्यायिक आणि प्रशासकीय अशा सदस्यांचं औद्योगिक न्यायाधिकरण आहे, आणि वाद उद्भवून दोन वर्षं उलटली की समेट अधिकाऱ्याला तो हाती घेता येत नाही. पूर्वी न्यायालयात थेट अर्जाला तीन वर्षं होती. १९७१चा महाराष्ट्राचा कायदा संहितेने रद्द केलेल्या तीन कायद्यांत नाही. नवीन तक्रार कशाखाली करायची हे वकिलाकडून पहिल्याच भेटीत ठरवून घ्या. वर जायची वाट मात्र घटनेतून निघते, ती बदललेली नाही.

काकांचं पुढे

उच्च न्यायालयाने निवाडा रद्द केला. पण राजीनामा जबरदस्तीचा होता असं तिथे ठरलं नाही. यू-१४ आणि यू-१५ विचारात घेऊन सहा महिन्यांत नव्याने निकाल द्या, असं सांगून केस ठाण्याला परत पाठवली. बहुतेक यशस्वी रिटचा शेवट असाच होतो, आणि घरच्यांना तो समजावणं सगळ्यात अवघड. काकू म्हणाल्या, "म्हणजे जिंकलो की नाही?" साहेब म्हणाले, "वहिनी, हरलो होतो ते पुसलं गेलं."

तोवर काकांची निवृत्तीची वयोमर्यादा उलटली होती. कामावर परत जाणं संपलं. उरला तो निवृत्तीपर्यंतचा थकीत पगार. बेकायदा काढलेल्या माणसाला मागचा पगार हा सर्वसाधारण नियम, असं दीपाली सुरवसे यांच्या २०१३च्या निकालात आहे, आणि तो खटलाही महाराष्ट्रातलाच. पण त्यासाठी मधल्या काळात कमाई नव्हती हे कामगाराने शपथेवर सांगायचं असतं, मग कमाई होती हे दाखवायची जबाबदारी कंपनीची. काका दोन वर्षं मेहुण्याच्या दुकानात बसले होते. लपवू या का, असं त्यांनी हळूच विचारलं. साहेबांनी सांगितलं, जेवढं मिळालं तेवढं लिहा. उलटतपासणीत निघालं तर यू-१४सुद्धा खोटं वाटेल.

केस परत आल्यावर मी रेकॉर्डच्या तपासणीचा अर्ज दिला. कोर्टाच्या फायलीत पोचपावती होती, टाचणीचा गंज शिक्क्याच्या कडेपर्यंत आला होता, पण तारीख स्वच्छ वाचता येत होती. ती मी डायरीत लिहून घेतली आणि तिच्याखाली पुढची तारीख लिहिली.